हरवलेल्या पेटीचा कायदा

बखर शिकवताना एक प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी ठरल्यासारखा येतो : 'हे खरोखर असेच घडले होते का?' आम्हा मराठीच्या अध्यापकांचे उत्तरही ठरलेले असते. साहित्याच्या तासाला तो प्रश्न गौण आहे, तुम्ही निवेदन पाहा, भाषेची ठेवण पाहा, प्रसंग कसा उभा केला आहे ते पाहा. इतिहास शिकवणारे आमचे सहकारी याच्या नेमके उलट सांगतात. राजवाड्यांनी अस्सल कागदपत्रांपुढे बखरींची विश्वसनीयता नाकारली, तेव्हापासून त्यांच्या लेखी तो विषय संपलेला आहे. ही दोन्ही उत्तरे आम्हांला अलीकडे अपुरी वाटू लागली आहेत. त्याला निमित्त झाले ते मराठीपासून फार दूरचे एक पुस्तक. तेराव्या शतकात सायप्रस आणि सीरियाच्या किनाऱ्यावर वावरलेल्या नोव्हाराच्या फिलिपचा युद्धवृत्तान्त आम्ही इंग्रजी भाषांतरातून वाचला. पोप, सम्राट आणि धर्मयुद्धांतून उभ्या राहिलेल्या राज्यांतील सरदार यांच्या तिहेरी झगड्याची ती कहाणी आहे. ती वाचताना आमच्या लक्षात आले, की निवेदकाची विश्वासार्हता हा केवळ समीक्षेच्या परिभाषेतला प्रश्न नसतो. एखादे गाव, एखादी गढी कोणाच्या मालकीची, हेही कधीकधी त्याच्यावरच ठरते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. पहिल्या धर्मयुद्धात १०९९ साली जेरुसलेम जिंकले गेले आणि तेथे पश्चिमी ख्रिस्ती सरदारांचे राज्य उभे राहिले. हे राज्य मुळात कोणाचे, हा वाद त्याच्या जन्माबरोबरच आला. मोहीम पोपच्या आवाहनावरून निघालेली होती, पण जमीन जिंकली होती सरदारांनी. पहिला शासक गॉडफ्रे याने राजमुकुट धारण केला नाही. त्याच्या भावाने, बाल्डविनने, ११०० सालच्या नाताळात बेथलेहेम येथे तो घेतला. पुढे ११८७मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम परत जिंकले. उरला तो किनाऱ्याचा चिंचोळा पट्टा. राजधानी आक्र बंदरात गेली, मात्र राज्याचे नाव जेरुसलेमचेच राहिले. नाव एका शहराचे आणि सत्ता दुसऱ्याच ठिकाणी, अशा अवस्थेत हे राज्य शंभर वर्षे टिकले.

याच पराभवातून आमच्या विषयाचे बीज निघते. फिलिप आणि त्याच्यानंतर जाफाचा काउंट इबेलिनचा जॉन हे दोघेही कायदेपंडित. दोघेही सांगतात, की गॉडफ्रेच्या काळापासून राज्याचे सर्व कायदे लिहून पवित्र समाधीच्या चर्चमध्ये एका पेटीत ठेवलेले होते. ती पेटी वाटेल त्याला उघडता येत नसे. राजा किंवा त्याचा अधिकारी, धर्मप्रमुख म्हणजे पाट्रिआर्क किंवा त्याचा प्रतिनिधी, नगराचा विस्काउंट असे नऊ जण हजर असतील तरच ती उघडायची. जेरुसलेम पडले तेव्हा ही 'समाधीची पत्रे' नाहीशी झाली. मग कायदा कोठे उरला? जुन्या, जाणत्या सरदारांच्या स्मरणात. न्यायालयात जो अधिक आठवतो, अधिक नेमके बोलतो आणि प्रतिपक्षाला शब्दात पकडतो, त्याच्या जिभेवर कायदा. आधुनिक इतिहासकारांपैकी अनेकांना ही पेटी, निदान वर्णिली आहे त्या स्वरूपात, होती की नाही याचीच शंका आहे. तरी या कथेची उपयुक्तता विलक्षण आहे, हे कोणीही मान्य करील. मूळ संहिता अस्तित्वात होती आणि आता ती कोणालाही तपासता येत नाही, यापेक्षा भक्कम जागा कोणत्या निवेदकाला मिळेल?

या जागेची कसोटी लागली ती सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या वेळी. १२२५च्या नोव्हेंबरात ब्रिंदिसी येथे त्याचे लग्न जेरुसलेमची वारस राणी इझाबेला हिच्याशी झाले. तिचे वय तेव्हा तेरा वर्षांच्या आसपास होते. या विवाहामागे पोप होनोरियस तिसरा याचा हात होता. सम्राटाला पूर्वेचे राज्य मिळाले, की लांबलेली मोहीम तो हाती घेईल, असा त्याचा हिशेब. इझाबेलाचा बाप, ब्रिएनचा जॉन, आपण हयातीपर्यंत राजा राहू अशा समजुतीत होता. लग्न होताच फ्रेडरिकने राजपद आपल्याकडे घेतले. चार वर्षांनी हाच सासरा पोपच्या सैन्याचा सेनानी होऊन जावयाच्या दक्षिण इटलीतील मुलखात शिरला.

मोहिमेची शेवटची मुदत होती ऑगस्ट १२२७. फ्रेडरिक सप्टेंबरात जहाजावर चढला, आजारी पडला आणि परतला. नवा पोप ग्रेगरी नववा याने आजाराची सबब मानली नाही. २९ सप्टेंबर १२२७ रोजी त्याने सम्राटाला धर्मबहिष्कृत केले. पुढच्या एप्रिलमध्ये इझाबेला कॉनराड या मुलाला जन्म देऊन मरण पावली. याचा कायदेशीर परिणाम मोठा होता. आता राजा तान्हा कॉनराड. फ्रेडरिक केवळ त्याचा पालक. बहिष्कार अंगावर असतानाच जून १२२८मध्ये तो निघाला आणि जुलैमध्ये सायप्रसच्या लिमासोल बंदरात उतरला.

तेथील मेजवानीचे फिलिपने केलेले वर्णन कोणत्याही साहित्याच्या अध्यापकाला मोहात पाडील असे आहे. बैरुतचा अधिपती इबेलिनचा जॉन भावाच्या सुतकात काळ्या वस्त्रांत आहे. सम्राट त्याला प्रेमाने ती उतरवायला लावून तांबडी वस्त्रे देतो. जॉनच्या मुलांना पंक्तीत वाढायला उभे केले जाते. रात्री दडवून ठेवलेले हत्यारबंद शिपाई जेवण आटोपता आटोपता पुढे येतात. मग सम्राट दोन मागण्या करतो : बैरुत परत दे, आणि सायप्रसच्या आधीच्या राजाच्या मृत्यूपासून दहा वर्षांचे उत्पन्न हवाली कर. जॉन शांतपणे उत्तर देतो, की बैरुत मला जेरुसलेमच्या राजाराणीने दिले, त्याचा जबाब मी जेरुसलेमच्या सरदारांच्या न्यायालयात देईन. सायप्रसचा जबाब सायप्रसच्या न्यायालयात. शस्त्रांच्या गराड्यात उभा राहून एक माणूस कायद्याचे नाव घेतो आहे. असे चित्र वाचल्यावर आपण कोणाच्या बाजूचे होणार हे ठरून जाते.

आम्हीही त्याच बाजूचे झालो. मग मागे वळून पाहिले. सायप्रसच्या पहिल्या राजाने आपला मुकुट फ्रेडरिकच्या बापाकडून, सम्राट हेन्री सहावा याच्याकडून, स्वीकारलेला होता. त्यामुळे अल्पवयीन राजाच्या पालकत्वावर आणि उत्पन्नावर सम्राटाने सांगितलेला हक्क अगदी निराधार नव्हता. कारभार इबेलिनांच्या हाती होता आणि दहा वर्षांचा हिशेब हा काही काल्पनिक मुद्दा नव्हे. फिलिप ही बाजू लपवतो असे नाही. तो फक्त मेजवानीचे ताट, काळी वस्त्रे आणि शिपाई इतके जवळ आणतो, की हिशेबाची वही दिसेनाशी होते. शिवाय फिलिप तटस्थ नव्हे. तो उत्तर इटलीतून आलेला, इबेलिनांच्या आश्रयाने मोठा झालेला त्यांचा माणूस.

पुढची घटना तर एकाच प्रसंगाच्या अनेक संहितांचा नमुनाच आहे. १८ फेब्रुवारी १२२९ रोजी फ्रेडरिकने इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह केला आणि लढाई न करता जेरुसलेम, बेथलेहेम, नाझरेथ मिळवले. हरम अल-शरीफ मुसलमानांकडेच राहिले. १८ मार्चला समाधीच्या चर्चमध्ये त्याने मुकुट धारण केला. लगोलग पाट्रिआर्क जेरोल्डच्या हुकुमाने शहरातील धर्मविधी बंद ठेवण्याची घोषणा झाली. सम्राटाने इंग्लंडच्या राजाला पत्र लिहून हा ईश्वरी कृपेचा चमत्कार असल्याचे कळवले. जेरोल्डने साऱ्या ख्रिस्ती जगाला पत्र लिहून ही फसवणूक असल्याचे कळवले. ही दोन्ही पत्रे इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स मठाच्या इतिवृत्तकारांनी जपली, हा एक योगायोगच. तिकडे दमास्कसच्या मशिदीत सिब्त इब्न अल-जौझी या वक्त्याने शहर गमावल्याचा शोक केला. ज्या सुलतानाने ते दिले, त्याच्यावर मुसलमानांचाही रोष होता. मे महिन्यात फ्रेडरिक आक्रहून परत निघाला, तेव्हा खाटकांनी त्याच्यावर आतडी-कोथळे फेकले, असे फिलिप सांगतो. तो हेही सांगतो, की त्या वेळी लोकांना आवरायला धावला तो इबेलिनचा जॉनच. शत्रूचा अपमान आणि नायकाचे औदार्य दोन्ही एकाच प्रसंगात साधावे, हे कसबी निवेदकालाच जमते.

फिलिपने या युद्धात कविताही लिहिली. पश्चिम युरोपात लोकप्रिय असलेल्या रेनार कोल्ह्याच्या कथाचक्रात त्याने आपली माणसे बसवली. विरोधी सरदार ऐमरी बार्लेस हा कोल्हा, बैरुतचा जॉन हा इसेंग्रिन लांडगा, आणि फिलिप स्वतः शांतक्लेर कोंबडा. मूळ कथांत कोल्ह्याकडून वारंवार फसला जातो तो लांडगाच. आपल्या धन्याला ही भूमिका देताना फिलिपला काय अभिप्रेत होते यावर चर्चा होऊ शकेल; आम्हांला वाटते, फसवला गेलेला बलवान अशी जॉनची प्रतिमाच त्याला हवी होती.

या साऱ्यात पोपची भूमिका काय? तत्त्वाची भाषा सर्वांत उंच होती ती रोमची, आणि तिच्यातील वळणेही सर्वांत तीव्र होती. १२२७मध्ये बहिष्कार, १२३०मध्ये इटलीत समेट, त्यानंतर १२३१मध्ये त्याच ग्रेगरीने फ्रेडरिकची जेरुसलेमचा राजा ही पदवी मान्य केली. म्हणजे इबेलिन पक्ष सम्राटाच्या सेनापतीशी, रिकार्दो फिलांजिएरीशी, लढत होता त्या काळात पोप सम्राटाच्या बाजूला होता. १२३४मध्ये पोपचा वकील म्हणून आलेल्या रावेनाच्या आर्चबिशपने तर बंडखोर आक्रवरच धर्मविधीबंदी लादली. १२३९मध्ये सम्राटाला पुन्हा बहिष्कार. १२४५मध्ये इनोसंट चौथा याने त्याला पदच्युत जाहीर केले आणि १२४७मध्ये सायप्रसच्या राजाला त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मुक्त केले. पूर्वेकडच्या सरदारांचा हक्क रोममध्ये कधी खरा आणि कधी खोटा ठरला, ते इटलीतल्या हवेवर अवलंबून होते.

परंतु सरदारांचा कायदा तरी कोठे स्थिर होता? कॉनराड वयात आल्यावर, १२४२-४३च्या सुमारास, त्यांनी ठरवले की तो स्वतः येऊन हजर होईपर्यंत राज्याचा कारभार सायप्रसची राणीमाता अ‍ॅलिस हिच्याकडे द्यावा. ही कायदेशीर युक्ती आपलीच, असे फिलिप अभिमानाने नोंदवतो. टायर सम्राटाच्या माणसांकडून जिंकल्यावर अ‍ॅलिसच्या नवऱ्याने ते मागितले. तेव्हा याच कायद्याच्या भक्तांनी ते त्याला दिले नाही आणि तो वैतागून देश सोडून गेला. लिमासोलच्या मेजवानीत ऐकू आलेला कायद्याचा आवाज येथे बराच व्यवहारी झालेला दिसतो.

या निवेदनाची मोहिनी केवळ आमच्यासारख्या हौशी वाचकांवर पडली असे नाही. जॉन ला मॉण्ट या अमेरिकन इतिहासकाराने १९३२मध्ये जेरुसलेमच्या राजसत्तेवर ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः या तेराव्या शतकातील कायदेपंडितांच्या आधारे. त्यातून बाराव्या शतकापासूनच राजा हा सरदारांच्या मेळ्यातला केवळ पहिला मानकरी, असे चित्र उभे राहिले. चारच वर्षांनी, १९३६मध्ये, फिलिपच्या वृत्तान्ताचे इंग्रजी भाषांतर केले तेही त्यानेच. पुढे जोशुआ प्रावेर, जाँ रिशार यांसारख्या अभ्यासकांनी दाखवले, की बाराव्या शतकातील राजे बरेच प्रबळ होते आणि सरदारांचा वरचष्मा ही नंतरची गोष्ट आहे. नंतरच्या सरदारांनी आपले वर्तमान भूतकाळात नेऊन ठेवले होते. हरवलेल्या पेटीत त्यांनी आपल्याला हवे ते घातले, आणि सातशे वर्षांनी विद्वानांनी तेच बाहेर काढले.

म्हणून आमचे मत असे : 'हे खरे घडले का' या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला 'तो साहित्याचा प्रश्न नव्हे' असे उत्तर देणे ही आमची पळवाट होती. त्याचबरोबर 'बखर खोटी, कागद खरा' हेही उत्तर पुरत नाही. पोपचे पत्र हा अस्सल कागद आहे, पण १२२७चा कागद आणि १२३१चा कागद एकमेकांना खोडतात. अस्सलपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. निवेदन कसे रचले आहे हे आम्ही शिकवतो. त्या रचनेने कोणाला काय मिळाले, हा प्रश्न त्याच तासाला, त्याच पानावर विचारला पाहिजे. काळी वस्त्रे का दिसतात आणि हिशेबाची वही का दिसत नाही, हा शैलीचाच प्रश्न आहे.

आणखी एक प्रश्न आम्ही या पुस्तकापाशी ठेवून आलो आहोत. पोपची पत्रे आहेत, सम्राटाची आहेत, पाट्रिआर्कचे आहे, सरदारांचे ग्रंथ आहेत, दमास्कसच्या वक्त्याच्या शोकाची नोंद आहे. हे सगळे ज्या हक्काबद्दल भांडत होते, तो हक्क मुळात एका मुलीचा होता. इझाबेला जन्मापासून राणी होती. तेराव्या वर्षी तिचे लग्न लावले गेले आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ती बाळंतपणात गेली. तिच्या नावाने मुकुट हिंडला, तह झाले, बहिष्कार निघाले. या सर्व बोलक्या संहितांत तिचा स्वतःचा आवाज आम्हांला कोठे ऐकू आला नाही. वर्गात पुढच्या वर्षी बखर उघडू, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना निवेदकाबरोबरच ही रिकामी जागाही शोधायला सांगणार आहोत.