भीड आणि सोनें

२००८ च्या मार्चांत सोन्याचा भाव औंसास हजार डॉलरांवर गेला. त्या सुमारास अमेरिकेंत एक नवा प्रघात पसरला. मैत्रिणींनीं एकीच्या घरीं जमावें, फराळ करावा आणि तेथेंच बोलावलेल्या व्यापाऱ्यास आपले जुने दागिने विकावे. यजमानीणबाईंस त्या विक्रींतून दलाली मिळे.

प्रकार निरुपद्रवी दिसतो. पण जिच्या घरचा चहा घेतला, तिच्या देखत भावाची घासाघीस कोण करणार? भीड ही भिकेची बहीण! तिकडील दागिने पुष्कळदां १४ कॅरटचे, म्हणजे शेंकडा सुमारें ५८ भाग सोनें. आपले २२ कॅरटचे, शेंकडा सुमारें ९२. दोन्ही एकाच पारड्यांत पडले, कीं भारी सोनें हलक्याच्या भावानें जातें. शिवाय तिकडे ‘पेनीवेट’ हें १.५५ ग्रॅमांचें वजन चालतें. त्यानें तोलून ग्रॅमाचा भाव दिला, तर तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम बुडाली!

तिकडे नांदणाऱ्या आपल्या लेकीसुनांनीं दागिना आधीं घरीं तोलावा, कस पाहून निराळा ठेवावा आणि दोन सराफांकडे भाव विचारावा. आजीची पाटली मोडणें भागच पडलें, तर ती सराफाच्या पेढीवर मोडावी. मैत्रिणीकडे नुसता चहा घ्यावा.