सोसेकीने वर्ग सोडला, अभ्यास नव्हे

नात्सुमे सोसेकी (१८६७–१९१६) याचे चरित्र सांगताना एक सोयीची फाळणी केली जाते: आधी इंग्रजी साहित्याचा त्रासलेला अध्यापक, आणि १९०७ साली तोक्योच्या विद्यापीठातली नोकरी सोडून 'आसाही' वृत्तपत्रात गेल्यावर मोकळा झालेला कादंबरीकार. जणू पांडित्याची कात टाकल्यावरच कलावंत प्रकटला! ही मांडणी मला मान्य नाही.

१९०० साली जपान सरकारने त्याला इंग्लंडला पाठवले. चिनी अभिजात ग्रंथांवर ज्याची साहित्याची समजूत पोसली होती, त्याला ते 'साहित्य' इंग्रजीत सापडेना. विद्यापीठातली व्याख्याने लवकरच सुटली. अखेर खोलीत कोंडून घेऊन तो मानसशास्त्र आणि समाजशास्त्र वाचत बसला. एखादी कविता इंग्रज समीक्षकाला थोर वाटते आणि मला वाटत नाही, तर माघार मी का घ्यावी, हा त्याचा प्रश्न होता. मात्र तेवढ्यावर न थांबता, हा फरक पडतो कशामुळे, हे त्याला समजून घ्यायचे होते. परकी प्रमाणे नुसती झिडकारणारे पुष्कळ असतात. हे दुसरे काम करणारे विरळा.

या शोधातून १९०३ ते १९०५ या काळातली विद्यापीठीय व्याख्याने आणि १९०७ चा 'बुनगाकुरोन' (साहित्यसिद्धान्त) हा ग्रंथ आला. त्याचे सूत्र बीजगणितासारखे आहे: फ + भ. 'फ' म्हणजे जाणिवेच्या केंद्रस्थानी असलेला ठसा वा कल्पना, 'भ' म्हणजे तिला जडलेली भावना. दोहोंचा संयोग झाला तरच साहित्याचा आशय सिद्ध होतो. आपल्याला इथे विभाव आणि स्थायिभाव आठवणे स्वाभाविक आहे, पण साम्य फार ताणू नये. सोसेकीला रसनिष्पत्तीपेक्षा हे केंद्र काळानुसार आणि समाजानुसार कसे सरकते, यात अधिक रस आहे. केंद्रच सरकत असेल, तर अभिरुचीचा एकच निकाल सर्वांवर बंधनकारक कसा ठरावा?

आता 'कुसामाकुरा' (१९०६) पाहा. व्याख्याने संपली आहेत, ग्रंथ अजून छापायचा आहे, अशा वेळी लिहिलेली ही कादंबरी. तिचा चित्रकार नायक डोंगरातल्या उष्ण झऱ्यांच्या गावी येतो तो माणसांकडे निर्विकारपणे, चित्रातल्या आकृतींसारखे पाहण्याचा निश्चय करून. म्हणजे 'भ' वजा करून 'फ' हाती राहतो का, हा प्रयोगच. नामी नावाची विलक्षण स्त्री त्याला चित्रविषय म्हणून भेटते, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उणे असल्याने चित्र पुरे होत नाही. शेवटी स्टेशनावर, युद्धावर निघालेल्या आगगाडीच्या खिडकीत तिला आपला पूर्वीचा नवरा दिसतो आणि तिच्या मुद्रेवर करुणा उमटते. चित्र पुरे होते ते त्या क्षणी. सिद्धान्ताची इतकी निर्दय परीक्षा सिद्धान्तकाराने स्वतःच घेतल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

१९१४ च्या एका व्याख्यानात सोसेकीने आपला हा ग्रंथ फसल्याचे सांगितले, आणि अभ्यासकांनी ते शब्दशः खरे मानले. त्याच व्याख्यानात, लंडनमध्ये गवसलेली स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची भूमिका पुढेही आपल्याला बळ देत राहिली, असेही तो म्हणतो. हे वाक्य मात्र क्वचितच उद्धृत होते. 'बुनगाकुरोन'मधील निवडक भागांचा इंग्रजी अनुवाद २००९ साली प्रसिद्ध झाला आहे. 'कोकोरो' शिकवणाऱ्यांनी तो निदान चाळावा, आणि त्याआधी 'कुसामाकुरा' वाचावी.