कोड बदलला, हेल्पचं पान कोण बदलणार?

विम म्हटलं की आपल्याला भांडी घासायचा साबण आठवतो. इंजिनीअरिंगच्या मुलांना मात्र लिनक्सच्या लॅबमध्ये भेटतो तो विम हा टेक्स्ट एडिटर. ब्रॅम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये आणला.

हेल्प फाइल म्हणजे काय?

एडिटर आपल्या सवयीप्रमाणे वळवण्यासाठी विमची स्वतःची भाषा आहे, विमस्क्रिप्ट. तिची फंक्शन्स हेल्प फाइल्समध्ये समजावलेली असतात. त्या एडिटरसोबतच येतात, त्यामुळे नेट नसलं तरी उघडतात. गोंदियात रेंज गेली की मी याच पानांवर शिकायचो.

अडचण कुठे आहे?

जून २०२२ मध्ये विम ९.० सोबत विम९ स्क्रिप्ट ही नवी, वेगवान भाषा आली. जुनीही चालू राहिली. जुनीत कमेंट अवतरणचिन्हाने सुरू होते, नवीत हॅशने. इथे चुकलात तर निदान एरर येते. पण दोन शब्द सारखे आहेत का, हे तपासताना जुनी भाषा ‘इग्नोअरकेस’ सेटिंग पाहते. ते चालू असेल तर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच धरते. नवी भाषा ते सेटिंग पाहतच नाही. ओळ तीच, उत्तर वेगळं, एररही नाही! हेल्पमध्ये हा फरक लिहिला नसता तर चूक शोधण्यात रात्र गेली असती.

एआयला विचारलं तर?

जरूर विचारा. पण त्याने जुनी-नवी भाषा मिसळून दिली, तर पडताळायला शेवटी मूळ पानच लागतं.

मग जबाबदारी कोणाची?

मोलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. आता ख्रिश्चन ब्राबांट आणि इतर स्वयंसेवक विम सांभाळतात. मूळ लेखक नसताना नव्या माणसाला विचारायला जागा उरते, ती या पानांतच. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: हेल्पचं पान सुधारल्याशिवाय कोडमधला बदल स्वीकारूच नये. धानाच्या बांधीचे धुरे आपण दरवर्षी नीट करतो. एकदा घातले म्हणून सोडून देत नाही. हेही तसंच आहे.

आपल्या कॉलेजांनीही यात उतरावं. विमच्या हेल्प फाइल्स गिटहबवर खुल्या आहेत. फायनल इयरच्या विद्यार्थ्याने एक चुकलेलं उदाहरण शोधून, चालवून, दुरुस्त करून पाठवलं, तर त्याला प्रोजेक्टचे मार्क का मिळू नयेत?