आधी जांबोटीला थांबा

मंडळी, दिवाळीची सुट्टी जवळ आली की हल्ली आमच्या गल्लीत एक दृश्य हमखास दिसतं. गाडीच्या टपावर सायकल, डिकीत तंबू आणि बाजूला उभा राहून पट्टे आवळणारा एखादा घामाघूम बाबा. आपल्या आईवडिलांनी होल्डॉल आणि पाण्याची सुरई घेऊन प्रवास केला, आपण सायकली, तंबू आणि कयाक घेऊन निघतो. हौस चांगलीच आहे. पण हे सामान कसं न्यायचं, हे मला गेल्या वर्षी चोर्ला घाटात शिकायला मिळालं. ते तुम्हाला घाटात शिकावं लागू नये, म्हणून हा लेख.

बेत साधा होता. बेळगावहून निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि पायथ्याला केरीजवळ आत्याच्या कुळागरात दोन रात्री तंबू ठोकायचा. मधल्या दिवशी जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर जायचं आणि तिथं सायकली चालवायच्या. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. सायकली दोन, एक माझी आणि एक लेकीची.

इंजिनिअर माणूस, त्यामुळे मी आधी हिशेब मांडला. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा ५० किलो दिली आहे. पुष्कळांना वाटतं की ही मर्यादा फक्त सामानाची. तसं नाही, कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. आडव्या दांड्या ६ किलो, सायकली धरणारे दोन स्टँड ८ किलो, माझी सायकल १५, लेकीची ११. झाले ४० किलो. डिकी भरली होती, म्हणून ७ किलोची तंबूची पिशवीही वर टाकली. एकूण ४७. मर्यादेच्या आत! मी खूश.

बाबा फाटकापाशी उभे राहून बघत होते. त्यांची सगळी नोकरी एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेली. ते म्हणाले, "पट्टा ताणलेला असतोय रे, पण सामान अजून बसलेलं नसतंय. जांबोटीला थांब आणि एकदा हात लावून बघ."

मी म्हटलं, "बाबा, हा रॅचेटचा पट्टा आहे, सुतळी नव्हे."

जांबोटी आली तेव्हा मुलगा झोपला होता. गाडी थांबवली तर उठेल म्हणून मी थांबलो नाही.

घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मागून सारखा हॉर्न वाजू लागला. मला वाटलं, घाई असेल, जाऊ दे पुढे. मोटरसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "ओ सर, वरची सायकल हलायलीय बघा!" मी जागा बघून गाडी बाजूला घेतली. माझी सायकल स्टँडमधून निम्मी बाहेर आली होती. पुढचं चाक मोकळं, हँडल टपाच्या कडेबाहेर. ती फक्त मागच्या चाकाच्या पट्ट्यावर तग धरून होती. आणखी एक-दोन वळणं, बस्स.

त्या माणसाच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन होते आणि टाकीवर, त्याच्या हातांच्या मध्ये, माझ्या मुलाएवढंच एक पोरगं बसलं होतं. "बऱ्याच वेळापासून हॉर्न मारायलोय," तो म्हणाला. म्हणजे बराच वेळ माझ्या १५ किलोच्या सायकलीमागे ती दोघं होती. मी हात जोडले. तो "सावकाश जावा" म्हणून निघून गेला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

चूक कुठे झाली? हिशेब बरोबर होता, बांधणी चुकली होती. मी तंबूची मऊ पिशवी सायकलींच्या मध्ये खुपसून सगळ्यावरून एकच पट्टा टाकला होता. निघताना पट्टा तारेसारखा ताठ होता, पण खड्ड्यांतून धक्के बसत गेले तशी पिशवी दबली आणि तिच्याबरोबर पट्टा सैल पडला. पट्टा तुटला नाही, सुटलाही नाही. त्याच्याखालचं सामान बसलं, इतकंच. बाबा नेमकं हेच सांगत होते.

तेव्हापासून आमच्या घरात काही नियम आहेत. मऊ आणि कडक सामान एका पट्ट्याखाली बांधायचं नाही. प्रत्येक सायकलीला स्वतंत्र पट्टे, दोन्ही चाकांना आणि मधल्या फ्रेमला. पट्ट्याचं उरलेलं टोक फडफडू न देता गाठ मारून ठेवायचं. दोर असेल तर निरगाठ मारायची, सुरगाठ ओढली की सुटते. टपावर सामान असताना वेग ६०च्या आसपास ठेवायचा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६०चे ९० केले की तो सव्वादोन पट होतो आणि पट्ट्यांवरचा ताणही वाढतो.

कयाक न्यायची असेल तर हा वारा आणखी महत्त्वाचा. कडक प्लास्टिकची दहा-बारा फुटी कयाक टपावर चढवली की तिचं पुढचं टोक वारा उचलू पाहतो. त्यामुळे मधले दोन पट्टे पुरत नाहीत. पुढचं आणि मागचं टोकही गाडीच्या खालच्या हुकांना बांधावं लागतं. आम्ही हा सगळा व्याप टाळून फुगवायची कयाक घेतली. ती घडी करून डिकीत मावते. आत्याच्या तळ्यात मुलांनी ती मनसोक्त वल्हवली, अर्थात लाईफ जॅकेट घालून आणि आमच्यापैकी एकाला सोबत घेऊन. घरी आल्यावर ती आणि तंबू पूर्ण वाळवूनच घडी घालायची, नाहीतर बुरशी धरते.

सायकल मागच्या दाराला लटकवणार असाल तर नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, ते बघा. हँडल गाडीच्या बाजूबाहेर येऊ देऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर आलेल्या बोजासाठी २०,००० रुपये दंड आहे, शिवाय ते सामान तिथंच उतरवावं लागतं. सायकल टपावर असेल तर गाडीची एकूण उंची कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. आत्याच्या वाटेवर माडाच्या झावळ्या आणि विजेची खाली लोंबणारी वायर, दोन्ही आहेत.

डिकीत जड सामान तळाला, मागच्या सीटला टेकवून ठेवा. तंबूच्या खुंट्या आणि हातोडी सीटवर मोकळी टाकू नका, करकचून ब्रेक लागला की ती पुढे उडते. कॅम्पिंगच्या स्टोव्हचे छोटे गॅसचे डबे उन्हात बंद गाडीत राहू देऊ नका. ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये, असं त्या डब्यांवरच लिहिलेलं असतं आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी तिथवर सहज पोहोचते.

आणि शेवटचा नियम बाबांचा. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये एकदा थांबायचं, खाली उतरायचं आणि प्रत्येक पट्ट्याला हात लावून बघायचं. नुसतं काचेतून बघून कळत नाही.

दिवाडीचा दिवस छान गेला. फेरीबोटीत सायकली धरून उभं राहताना लेकीचा रुबाब बघण्यासारखा होता. खाजन शेतांमधून जाणारे सपाट रस्ते तिनं सहज मारले, पिएदादच्या चर्चच्या चढावर मात्र दोघांनाही उतरून ढकलावं लागलं. पण घाटातली गोष्ट बाबांना फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. घरी परतल्यावर जेवताना सांगितली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मोटरसायकलवाल्याचं नाव विचारलंस काय?"

नव्हतं विचारलं.

आता आम्ही कोणत्याही रस्त्यानं निघालो, तरी थोडं अंतर गेलं की लेक मागून ओरडते, "पप्पा, जांबोटी आली!" दांडेलीच्या वाटेवरही आमची जांबोटी येते आणि कोल्हापूरच्या वाटेवरही. मुलगा झोपलेला असला तरी मी गाडी थांबवतो.