कप्तानाचा नकार

सुट्टीतील परदेशप्रवासाची चर्चा आता सिंगापूर आणि बँकॉकवर थांबत नाही. आपल्या घरांतील तरुण पिढी दहा-बारा अनोळखी सहप्रवाशांसह एखाद्या लाकडी नौकेवर तीन-चार दिवस राहायला निघाली आहे आणि त्यांपैकी अनेकांच्या तोंडी इंडोनेशियातील एका बंदराचे नाव असते : लाबुआन बाजो. फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकावरील हे गाव बालीहून विमानाने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या सफरी तेथून सुटतात. मागील वर्षभरात या सफरीची करारपत्रे घेऊन तीन-चार परिचित कुटुंबे माझ्याकडे आली. बँकेत असताना जहाजी कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, हे त्यांना ठाऊक असावे. म्हणून या वेळच्या लेखात स्थळवर्णन थोडे करतो आणि करारातील एका कलमाविषयी अधिक लिहितो.

कोमोडो, रिन्चा आणि पादार ही या उद्यानातील तीन मोठी बेटे. उद्यानाची स्थापना 1980 मध्ये झाली आणि 1991 मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. तीन मीटरपर्यंत लांबीची महाकाय घोरपड, जिला स्थानिक लोक ‘ओरा’ म्हणतात, तिच्या रक्षणासाठी हे उद्यान निर्माण झाले. बेटावर तिचे दर्शन घ्यायचे ते टोकाशी दुभंगलेली काठी हाती घेतलेल्या वनरक्षकाच्या सोबतीनेच. पादारच्या टेकडीवरून एकाच दृष्टिक्षेपात दिसणारे उपसागर, सागरी सूक्ष्मजीवांच्या लाल कवचांमुळे गुलाबी झालेली वाळू, सायंकाळी कालोंग बेटावरून हजारोंच्या संख्येने उडणारी मोठी वटवाघळे, हे सारे छायाचित्रांतून आता घरोघरी पोहोचले आहे.

नौकेविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे. तिला ‘पिनिसी’ म्हणतात. दोन डोलकाठ्या आणि सात शिडे हे तिचे पारंपरिक रूप. दक्षिण सुलावेसीतील ताना बेरू आणि बिरा परिसरातील कारागीर ती समुद्रकिनाऱ्यावरच बांधतात. आधी फळ्या जोडून बाहेरचे कवच उभे करतात आणि आतील फासळ्या मागाहून बसवतात. या नौकाबांधणीच्या कलेचा युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. एके काळी याच नौका बेटाबेटांतून तांदूळ, लाकूड, खोबरे वाहत. 1970 च्या दशकापासून त्यांना इंजिने बसू लागली. आज पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या बहुतेक पिनिसी इंजिनावरच चालतात आणि शिडे उभारली जातात ती पुष्कळदा छायाचित्रापुरती. जाहिरातीत ‘शिडाची सफर’ असे शब्द असतील, तर शिडांवर प्रत्यक्ष किती तास जायचे आहे, हे विचारून घ्यावे. उत्तर ऐकून निराशा झाली तरी चालेल. निदान पैसे कशाचे दिले, ते कळेल.

आता त्या कलमाकडे येतो. जवळपास प्रत्येक करारपत्रात अशा अर्थाचे एक वाक्य असते : हवामान, समुद्रस्थिती वा सुरक्षितता यांच्या कारणाने मार्गात बदल करण्याचा अधिकार कप्तानाकडे राहील आणि त्यापोटी परतावा मिळणार नाही. व्यापारी माणसाच्या डोळ्यांत हे वाक्य खुपते. पाच ठिकाणांचे पैसे घेतले आणि तीनच दाखवली, तर दोन ठिकाणांचे पैसे कुठे गेले?

इचलकरंजीचे एक सूतव्यापारी नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब जाऊन आले. तिसऱ्या दिवशी वारा चढला आणि कप्तानाने नौका रिन्चाच्या आडोशाच्या खाडीत नांगरून ठेवली. करंग मकासार येथे मांटा मासे पाहायचे राहून गेले. परतल्यावर त्यांनी मला विचारले, “काका, माल कमी आला तर आपण बिलातून कापून घेतो. इथे का नाही कापायचे?”

मी त्यांना सागरी विम्याचा दाखला दिला. आपल्याकडील 1963 च्या सागरी विमा कायद्यानुसार ठरलेला मार्ग जहाजाने योग्य कारणाविना सोडला, तर त्या क्षणापासून विमा कंपनी जबाबदारीतून मुक्त होते. नियम इतका कडक आहे. तरीही त्याच कायद्याने अपवाद नोंदवून ठेवले आहेत : जहाजाच्या वा मालाच्या सुरक्षिततेसाठी, अथवा मनुष्याचा जीव वाचवण्यासाठी मार्ग सोडणे आवश्यक असेल, तर तो दोष ठरत नाही. मालाचा पैसा ज्यांचा, त्या विमेकऱ्यांनीही कप्तानाच्या या अधिकारापुढे हात जोडले. मग ज्या नौकेवर आपली मुलेबाळे झोपली आहेत, तेथे तो अधिकार आपल्याला का बोचावा?

ते गृहस्थ हुशार. एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत. म्हणाले, “पटले. पण डिझेल वाचवायचे असेल, तर कुठलाही कप्तान ‘वारा आहे’ म्हणून मोकळा होईल. त्याचे खरे-खोटे आम्ही कसे करायचे?”

हा आक्षेप मला रास्त वाटतो. ‘कप्तानावर विश्वास ठेवा’ एवढे सांगून तो उडवून लावता येणार नाही. मात्र खरे-खोटे पारखण्याच्या खुणा आहेत. पहिली खूण बंदरावरच मिळते. तेथील बंदर अधिकाऱ्याला आजही ‘शाहबंदर’ म्हणतात. हा मूळ फारसी शब्द एकेकाळी हिंदी महासागरातील अनेक बंदरांत चालत असे. नौकेला निघण्याचा परवाना हे कार्यालय देते आणि हवामान बिघडले की पर्यटक-नौकांना बाहेर पडण्यास मनाई करते. त्या दिवशी तशी सूचना होती का, ते समजू शकते. दुसरी खूण डोळ्यांसमोर असते : त्याच खाडीत आणखी नौका येऊन उभ्या राहिल्या आहेत का? बारा नौका आडोशाला आल्या असतील, तर बारा कप्तानांनी एकाच वेळी डिझेल वाचवण्याचा कट केला, असे मानणे कठीण. तिसरी खूण मला अधिक मोलाची वाटते. चांगला कप्तान आदल्या सायंकाळीच नकाशा पसरून सांगतो, की उद्या अमुक वेळी प्रवाह उलटेल, तमुक बाजूने वारा येईल, म्हणून हे ठिकाण गाळून ते घेऊ. नकारासोबत पर्याय देणारा आणि नुसता नकार देऊन झोपी जाणारा यांत पुष्कळ अंतर आहे. करार करतानाच पर्यायी ठिकाणांची नावे लिहून मागावीत. चांगले व्यावसायिक ती देतात.

त्या गृहस्थांच्या नौकेजवळ नऊ नौका उभ्या होत्या. त्यांच्या चिरंजीवांच्याच छायाचित्रात त्या मोजता आल्या. परताव्याचा विषय तेथेच मिटला.

तेथील पाण्याचा स्वभाव समजून घेतला, म्हणजे हा अधिकार किती आवश्यक आहे ते कळते. बेटांच्या उत्तरेस फ्लोरेस समुद्र आणि दक्षिणेस हिंदी महासागराची बाजू. दोन्हींकडील पाणी भरती-ओहोटीबरोबर अरुंद सामुद्रधुन्यांतून ढकलले जाते. वरून आरशासारखे दिसणारे पाणी आत नदीसारखे वाहत असते आणि प्रवाहाविरुद्ध वारा आला की लाटा उभ्या राहतात. या परिसरात पर्यटक-नौका उलटल्याच्या आणि पेटल्याच्याही घटना घडल्या आहेत. म्हणून खोलीतील वातानुकूलन यंत्रापूर्वी दुसऱ्या काही गोष्टी विचाराव्यात. रात्री नौका नांगरून राहते की चालते? रात्री कोणी जागा असतो का? तळमजल्याच्या खोलीतून बाहेर पडायला एकच जिना आहे की दुसरी वाट आहे? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? प्रवाशांची नावे बंदरावर दिलेल्या यादीत नोंदवली का? या प्रश्नांना ज्याच्याकडून ‘चिंता नको साहेब’ एवढेच उत्तर मिळते, त्याच्याकडे आगाऊ रक्कम भरू नये. प्रवास विम्यातही नौकेवरील मुक्काम, स्नॉर्केलिंग आणि रुग्णास हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून घ्यावे. गंभीर दुखण्यात बालीपर्यंत जावे लागू शकते.

सामायिक सफरीत, जिला तेथे ‘ओपन ट्रिप’ म्हणतात, आणखी एक अडचण असते. दहा-बारा प्रवाशांत एखादा मोठ्या आवाजाचा निघतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. सफरीच्या शेवटी मिळणाऱ्या बक्षिसीवर खलाशांची नजर असणे साहजिक आहे. अशा वेळी सर्वांनी मिळून ‘चला, काही होत नाही’ असा धोशा लावला, तर नकार देणे कप्तानाला जड जाते. ज्या नौकेवर आपण जाऊ, तेथे हा मोठा आवाज आपल्या कुटुंबातला नसावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. संपूर्ण नौका भाड्याने घेणाऱ्या आपल्या वीस जणांच्या नातलग-मंडळींना हे विशेष लागू आहे. तेथे तर यजमानही आपण आणि आवाजही आपलाच.

भोजनाविषयी हमखास विचारणा होते. नौकेवरचा आचारी लाबुआन बाजोच्या बाजारातून सामान भरतो; एकदा नांगर उचलला की दुकान नाही. भात, भाज्या, सोयाबीनचे तोफू मिळते. पण केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. तेथील संबल चटणीत बहुधा ‘तेरासी’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, परतलेल्या भाजीत कालवांचा सॉस पडतो आणि आपल्या पापडासारखे दिसणारे केरुपुक अनेकदा कोळंबीचे असतात. ही तिन्ही नावे, तसेच कांदा, लसूण आणि कंदमुळे, नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावीत. सूर्यास्त वर्षभर सहाच्या सुमारास होतो आणि तोवर नौका बहुधा नांगरलेली असते. म्हणून सूर्यास्तापूर्वीचे जेवण जमते, फक्त आचाऱ्याला रोज दुपारी आठवण द्यावी लागते.

जायचे केव्हा? डिसेंबर ते मार्च तेथे पाऊस आणि पश्चिमेचे वारे. बंदर बंद राहण्याचे दिवस याच काळात अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये हवा कोरडी, पण आग्नेयेचे वारे जोरदार. शिवाय तेव्हा आपल्याकडे चातुर्मास चालू असतो. एप्रिल-मे हा मधला काळ सर्वांना सोयीचा, मुलांच्या शाळांनाही. परतीचे विमान नौका किनाऱ्याला लागण्याच्या दिवशीच ठेवू नये. एक दिवस हाती राखावा, अन्यथा ते तिकीटच कप्तानावर दडपण आणते.

तारीख ठरवताना मात्र पंचांग उघडावे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाच्या भरतीमुळे प्रवाह अधिक वेगवान असतात. अष्टमीच्या मागेपुढे, ज्याला कोकणातील दर्यावर्दी ‘भांग’ म्हणतात, ते सौम्य होतात. प्रथमच पाण्यात उतरणाऱ्यांनी भांगाचे दिवस धरावेत. त्यात अष्टमी आलीच, तर आज हिरवी भाजी नको, हे आचाऱ्याला आणखी एकदा सांगावे लागेल.