लस सक्तीने की विश्वासाने?

सामन्याला जायचे तर लसीचे दोन्ही डोस हवेत, असा नियम राज्य सरकारने २७ नोव्हेंबर २०२१ रोजी केला. पुढे जानेवारीत लस न घेतलेल्या नोव्हाक जोकोविचला ऑस्ट्रेलियाने परत पाठवले आणि क्रीडाप्रेमींत दोन तट पडले. लस घेतलेल्यांकडून संसर्ग कमी पसरतो, हा सक्तीचा एक आधार होता. ओमायक्रॉनने तो डळमळीत केला. गंभीर आजारापासूनचे संरक्षण बरेचसे टिकले, पण संसर्ग रोखण्याची क्षमता घटली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंधांचा सरकारचा अधिकार मात्र मान्य केला.

यवतमाळ जिल्ह्यात खरा प्रश्न विश्वासाचा आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. दोष लसीचा नव्हता, हलगर्जीपणाचा होता. पण पालकांची भीती सरकारी आदेशाने जात नाही. डोस देण्याआधी बाटली त्यांना दाखवणे, चूक झाल्यास ती लगेच सांगणे आणि शंका विचारणाऱ्याला अडाणी न ठरवणे, हाच त्यावरचा उपाय आहे.