कर भरावा कसा : चेकने की ऑनलाइन?

मार्च महिना जवळ आला की समव्यवसायी मित्रांच्या बैठकीत रुग्णांपेक्षा अग्रिम कराचीच चर्चा अधिक रंगते. अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारलेल्या डॉक्टरांना संपूर्ण अग्रिम कर 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरावा लागतो. तो भरायचा कसा, यावर आदिलाबादेत अजून एकमत नाही. ज्येष्ठ मंडळींचा कौल चेकच्या बाजूने असतो. शिक्क्याची पावती हाती येते, असे ते म्हणतात आणि तरुण डॉक्टर हसतात. मला हे हसणे योग्य वाटत नाही. ज्येष्ठांची शंका खरी आहे. तिचा रोख मात्र चुकीच्या जागी आहे.

पैसा वाटेत असताना तो कोणाच्या जोखमीवर असतो, हा यातील मूळ प्रश्न. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर मराठी मुलखातीलच एका कारखान्याच्या खटल्यात मिळाले आहे. कऱ्हाडजवळचा ओगले काच कारखाना (ज्याचा प्रभाकर कंदील कित्येकांच्या आजोबांच्या ओसरीवर टांगलेला असे) तेव्हा औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर होता. त्याने भारत सरकारला कंदील पुरवले आणि सरकारने दिल्लीहून टपालाने चेक धाडले. हे उत्पन्न कारखान्याला औंधात मिळाले की दिल्लीत, यावर आयकर अवलंबून होता. 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की घेणेकऱ्याने टपालाने चेक मागवला असेल, मग ती मागणी उघड असो वा गर्भित, तर टपालखाते त्याचेच प्रतिनिधी ठरते. म्हणजे चेक दिल्लीच्या टपालात पडला, त्याच क्षणी पैसा कारखान्याला मिळाला. उत्पन्न करपात्र ठरले. याची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. घेणाऱ्याने तसे सांगितलेले नसताना आपण होऊन टपालात टाकलेला चेक आपल्याच जोखमीवर प्रवास करतो. घरपट्टीचा चेक लिफाफ्यात घालून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आयकराचा भरणा आपल्याकडे टपालाने नव्हे, तर बँकेच्या खिडकीवर होत आला. पूर्वी चलन चार प्रतींत भरावे लागे. 2004 साली ऑनलाइन कर लेखांकन पद्धती आली, चलन एकाच प्रतीचे झाले आणि पावतीवर शाखेचा सात अंकी संकेतांक, भरण्याची तारीख व चलनाचा अनुक्रमांक येऊ लागला. खरा पुरावा तेव्हापासून हा क्रमांक आहे. जांभळ्या शाईचा शिक्का नव्हे. 1 एप्रिल 2008 पासून कंपन्यांना आणि ज्यांचे हिशेब सक्तीच्या लेखापरीक्षणाखाली येतात त्या व्यावसायिकांना इलेक्ट्रॉनिक भरणा बंधनकारक झाला. इतरांना खिडकी आजही खुली आहे, परंतु तेथे जाण्यापूर्वी चलन आयकर खात्याच्या संकेतस्थळावरच तयार करावे लागते. शिवाय चेकही आता कागद म्हणून फिरत नाही. तो आपण भरतो त्या बँकेतच राहतो, पुढे जाते ती त्याची प्रतिमा. ज्याला आपण कागदी मार्ग म्हणतो, तो असा अर्धाअधिक पडद्यावरूनच जातो.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे टपालाच्या शिक्क्यावरील तारीख हीच करभरण्याची तारीख मानण्याचा कायदा आहे. आपल्या ज्येष्ठांना तो फार आवडेल. परंतु तेथेच टपालपेट्यांतून चेक चोरून, रसायनाने शाई धुऊन, नाव व रक्कम बदलण्याचे प्रकार इतके बोकाळले, की मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी देण्याघेण्यातून कागदी चेक हद्दपार करण्याचा आदेश काढला. सरकारी चेक हरवल्या-चोरल्याच्या तक्रारी इलेक्ट्रॉनिक भरण्याच्या मानाने सोळा पट अधिक येतात, असे त्या आदेशातच नमूद आहे.

माझे मत ऑनलाइनच्या बाजूने आहे, हे एव्हाना लक्षात आले असेल. तरीही ऑनलाइनचा पुरस्कार करणारे तरुण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. चोर आता वाटेवर नसतो, तो दारात उभा असतो. 'आपला परतावा मंजूर झाला, येथे क्लिक करा' असा संदेश येतो, तोही इंग्रजीत. आणि आपल्या गावातील मराठी शाळेत शिकलेल्या निवृत्त माणसाला खरा व खोटा संदेश ओळखता येत नाही. डॉक्टरांचे तर विचारूच नका. सकाळच्या गर्दीत मोबाइल कंपाउंडरच्या हाती, पासवर्ड टेबलावरच्या औषध कंपनीच्या डायरीत आणि ओटीपी फोनवरून सांगितलेला! रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण गुप्त तपशील आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान आपले. ओगल्यांच्या खटल्यातील न्याय येथे वेगळ्या रूपात पुन्हा भेटतो. ज्याच्या हाती आपण होऊन दिले, त्याच्या कृत्याचा भार आपल्यावर.

म्हणून कर ऑनलाइन भरावा, पण स्वतःच्या हाताने, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून. संदेशातील दुव्यावरून कधीच नाही. करसल्लागाराने आकडा सांगावा, बटण आपण दाबावे. वर्ष चुकीचे निवडले गेल्यास दुरुस्ती होते, मात्र ठरावीक दिवसांतच. तेव्हा आपल्या नावे रक्कम जमा झाली की नाही, हे आठवड्याभरात पाहावे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता बँकेला आणि 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

ज्यांना पडदा जमत नाही, त्या ज्येष्ठांसाठी बँकेची खिडकी बंद होता कामा नये, याविषयी संघटनेने अवश्य आग्रह धरावा. त्याखेरीज एक काम आपल्याच हाती आहे. रक्तदाब तपासणीच्या शिबिरात आपण टेबल मांडतो, तसेच एक टेबल मार्चच्या पहिल्या रविवारी मांडू या. आपल्यातील दोन-तीन तरुण डॉक्टरांनी तेथे बसावे. ज्येष्ठांनी व इतर नागरिकांनी आपापला मोबाइल घेऊन यावे आणि चलन त्यांच्याच बोटांनी भरून घ्यावे. ओटीपी आला, की तरुणांनी मान दुसरीकडे वळवावी.